औषधाचा ड्रम

आमच्या घरात पिकावर मारायच्या विषाला कुणी विष म्हणत नाही. औषध म्हणतात. दादा, म्हणजे माझे वडील, "औषध घेऊन येतो" म्हणून मोटारसायकलला किक मारून कळंबला निघायचे, तेव्हा परक्या माणसाला वाटावं की यांच्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय. खिळलेलं असायचं सोयाबीन. कधी तूर. आम्हा पोरींना त्यात वावगं वाटलं नाही. हरभऱ्यावर अळी पडली, औषध. गोठ्यात गोचीड झाले, औषध. पोरींच्या डोक्यात उवा झाल्या तर तेच चोळणारी माणसंही गावात होती, खोटं कशाला सांगू.

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा पावसाळा मध्यावर आला होता. नवरा पुण्याकडं कंपनीत. त्यानं मला आणून सोडलं, आईच्या हातचं जेवला आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेला. जाताना म्हणाला, "काळजी घे." ती कशी घ्यायची हे पुरुषांना विचारू नये, त्यांना तेवढं एकच वाक्य येतं. मी म्हटलं, घेते.

पाण्याची टंचाई आमच्या गावाच्या पाचवीलाच पुजलेली. नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक, त्यामुळं घरात जे जे पोकळ ते ते भरलेलं. रांजण, घागरी, सिमेंटचा हौद, रंगाचे रिकामे डबे. पावसाळ्यात पत्र्यावरून गळणारं पाणीसुद्धा कुणी वाया जाऊ देत नाही. आमच्या पन्हाळीखाली एक निळा प्लॅस्टिकचा ड्रम असायचा, माझ्या कमरेच्या वर येणारा. फवारणीच्या दिवसांत तोच ड्रम बैलगाडीत चढून शेतात जायचा. दादा त्यात पाणी भरून थेट औषध कालवायचे आणि बादलीनं पाठीवरचा पंप भरून घ्यायचे. फवारणी झाली की ड्रम वरवर खंगाळायचा आणि परत पन्हाळीखाली. ते पाणी प्यायचं नाही, जनावरालाही दाखवायचं नाही. मोटारसायकल धुवायची, अंगणात मारायचं, एवढंच. आमच्या गल्लीत घराघराला असा ड्रम आहे. त्याला औषधाचा ड्रम म्हणतात आणि लहान लेकरांना जवळ फिरकू देत नाहीत.

आल्या दिवसापासून डासांनी मला धरलं. रात्रीचं मी समजू शकते, रात्रीला जाळी होती. पण हे दिवसाढवळ्या चावायचे. घोट्यापाशी, कोपराच्या मागं, जिथं आपला हात उशिरा पोचतो नेमकं तिथं. काळे, पायावर पांढरे पट्टे, आणि आवाज नाही मेल्यांचा. मी कॉइल लावली. मग भिंतीतलं मशीन लावलं. एक दिवस दुपारी बघते तर त्या मशीनच्याच डोक्यावर एकजण बसलेला, खालून औषधाची वाफ चाललेली. मी आईला हाक मारली. म्हटलं, "ये बघ, तुझ्याकडं पाहुणा शेकायला बसलाय." आई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसले. तोवर आम्हाला हसू येत होतं.

ते गेलं आशाताईमुळं. आशाताई आमच्या गावचीच सून, घरोघर फिरून गरोदर बायकांची विचारपूस करणारी. मला लोहाच्या गोळ्या देऊन ती आईपाशी स्वयंपाकघरात जाऊन बसली. कुणाचा आवाज खाली गेला की माझे कान वर होतात, ही माझी जुनी खोड. खालच्या आळीतल्या एका घरची सून, माझ्यासारखीच दिवस भरत आलेली, तापानं फणफणली होती. डेंगू निघाला. धाराशिवला नेली.

"पोटातलं गेलं," आशाताई म्हणाली. "बाई वाचली हेच लई झालं म्हणायचं."

मी भिंतीच्या अलीकडं उभी होते. माझा हात आपोआप पोटावर गेला. आत बाळानं कूस बदलली, त्याला काय ठाऊक बाहेर काय बोलणं चाललंय. त्या दिवसापासून मी भ्याले ती भ्यालेच. भाजी निवडताना भ्यायचे, केस विंचरताना भ्यायचे, टीव्हीवर कुणीतरी नाचत असायचं आणि मी माझ्या पायाकडं बघत बसायचे. भर उकाड्यात पायमोजे घातले, नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला. आई म्हणाली, "अगं, शेकोटीला बसल्यावानी दिसतीस." मी तिच्यावर खेकसले.

आमच्याकडं बाईच्या पोटाविषयी बापाशी बोलत नाहीत. दादांनी मला काही विचारलं नाही. पण पायमोजे त्यांना दिसले असणार. मी आणि आई तपासणीला कळंबला गेलो होतो त्या दिवशी त्यांनी माझी खोली रिकामी केली, कपाट ओढून बाजूला केलं, पाठीवर पंप चढवला आणि भिंती, कोपरे, पलंगाखालचा अंधार, सगळं औषधानं भिजवून काढलं. सोयाबीनवर मारतात तेच. आम्ही परत आलो तर वास पार रस्त्यापर्यंत.

माझं डोकं सटकलं. मी दारातूनच म्हटलं, "दादा, डासाला मारायचंय का मला?"

दादांनी पंप पाठीवरून उतरवला. म्हणाले, "आत जाऊ नगं. आजच्या दिस वसरीत बस. एक बी ऱ्हाणार न्हाय आता." आणि हात धुवायला गेले. इतकं निमूटपणे गेले की माझंच तोंड कडू झालं. त्या रात्री मी वसरीतच अंथरूण टाकलं.

सकाळी आईनं तोंडाला पदर बांधून खोली झाडली. डास फरशीवर पडलेले होते, काळ्या मिरीची भरड सांडावी तसे. आईनं ते सुपलीत भरले, दादांना दाखवले आणि सुपली उन्हात उंबऱ्यापाशी ठेवली, चुलीत टाकायला. दादांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी समाधान दिसलं. मला वाटलं, चला, सुटलो. मी सुपलीजवळ वाकून बघत होते, कारण मेलेला डास बघायला मला तेव्हा फार बरं वाटायचं.

एकानं पाय हलवला. मला वाटलं वारा असेल. मग दुसऱ्यानं हलवला. मग तो पहिला उताणा होता तो पालथा झाला, जरा वेळ तसाच बसला, दारू उतरलेला माणूस बसतो तसा, आणि उडाला. एकेक करत सुपलीतले बरेचसे उठले. कुणी आत खोलीकडं गेले, कुणी बाहेर. आई केरसुणी हातात धरून नुसती बघत राहिली.

"दाद देईनात," दादा म्हणाले.

हे शब्द मी त्यांच्या तोंडून दर हंगामात ऐकलेले. अळी दाद देईना म्हणून एका टोपणाची दोन टोपणं झाली, मग दोन औषधं एकात कालवणं सुरू झालं. त्यांनीच मला लहानपणी बांधावर बसून सांगितलं होतं, की फवारलं की नेभळ्या अळ्या मरतात, एखादी निबर असते ती राहते, आणि पुढची सगळी पैदास त्या निबर अळीची होते. तेव्हा ती शेतातली गोष्ट होती. आता तीच पैदास माझ्या पलंगाखाली होती, विषाचं बाळकडू पिऊन वाढलेली. ग्रामपंचायतीनं नंतर गल्लीतून धूर मारला. धूर चालला असताना पोरं मागून पळत होती, आणि धूर विरला तसा माझ्या मनगटावर एक येऊन बसला. मला रडू कोसळलं. औषध आहे तोवर माणूस धीर धरतो. ते चालत नाही म्हटल्यावर धीर कशाचा धरायचा?

मग कोरडा दिवस आला. म्हणजे आठवड्यातून एकदा घरातलं साठलेलं सगळं पाणी ओतायचं, भांडी घासून पालथी घालायची, आणि डासांच्या अळ्या वाळू द्यायच्या. सांगायला सोपं. आमच्या गावात पाणी ओत म्हणणं म्हणजे भाकरी कुत्र्याला घाल म्हणण्यासारखं. बायका आशाताईला दारातूनच परतवायच्या. पण आमच्या घरी मी होते, आणि माझं पोट होतं. आईनं रांजण ओतला. हौद उपसला. कूलर, फुटका टायर, शेळ्यांची कुंडी, फ्रीजच्या मागचं ताटलीएवढं पाणीसुद्धा मी तिला शोधून दाखवलं. आशाताई बॅटरी मारून खात्री करत मागून येत होती.

शेवटी ती पन्हाळीखाली आली. "ह्यो?"

"त्यो औषधाचा ड्रम हाय," दादा म्हणाले. "त्यात माणूस मरंल, डास कुठला जगतोय?"

आशाताई हसली. आईही हसली. मी तर मनापासून हसले, कारण त्या घरात ती एकच जागा मला बिनधोक वाटत होती. ड्रमावर पोत्याचा तुकडा टाकलेला होता. तो कुणी उचलला नाही.

ताप आला तो दुपारी, आणि पायरी चढत नाही आला, एकदम आला. डोळ्यांच्या मागं कुणीतरी अंगठे रुतवतंय असं झालं. हाडं अशी दुखायला लागली की आईनं पायावरून हात फिरवला तरी मी ओरडायचे. आई म्हणत राहिली, पावसाळी ताप असेल, दृष्ट असेल. मी तिला म्हटलं, "आई, मला ठाऊक आहे काय आहे ते. तुलाही ठाऊक आहे." कळंबला रक्त घेतलं आणि तिथून थेट धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. गाडीत मी आईचा हात धरून एकच बोलत होते, बाळ हलत नाहीये, बाळ हलत नाहीये. ते खरंच हलत नव्हतं, का मला कळत नव्हतं, मी आजही सांगू शकत नाही.

दवाखान्यात पोटावर यंत्र ठेवून त्यांनी ठोके ऐकवले. होते. आईनं तिथंच हात जोडले, कुणाला ते तिलाच माहीत. मग सलाईन. मग रक्तातल्या पेशी मोजायला रोज सुई. पेशी उतरत होत्या. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील, चेहरा कोरा ठेवून बोलायच्या. मी विचारायचे, बाळ? त्या म्हणायच्या, "लक्ष आहे आमचं." नवरा पुण्याहून आला, उशाशी बसला, आणि त्याच्याकडं काळजी घे म्हणायचीही सोय उरली नव्हती. बिचारा नुसता मोसंबी सोलायचा.

दादा मात्र दिसले नाहीत. आई म्हणाली घरी आहेत, जनावरं आहेत. मला राग आला. मी मरायला टेकलेय आणि यांना म्हशीची धार पडलीय. मी तसं बोलूनही दाखवलं.

ते आले ते दुपारी, भेटायच्या वेळेला. धोतरावर चिखलाचे शिंतोडे, दाढी वाढलेली, आणि हातात कोल्ड्रिंकची बाटली पाण्यानं भरलेली. घशाला इतकी कोरड होती की मला वाटलं विहिरीचं गार पाणी आणलं असेल माझ्यासाठी. मी हात पुढं केला. दादांनी बाटली झटकन मागं घेतली.

"पिऊ नगं," ते म्हणाले. आणि उजेडात धरली.

पाण्यात अळ्या होत्या. वर यायच्या, शेपूट हलवायच्या, परत खाली जायच्या.

"ड्रमातल्या हायत," दादा म्हणाले. माझ्याकडं न बघता, बाटलीकडं बघत. "तू गेल्यापास्नं समदं घर हुडकलं. कौलं, पत्रा, गोठा. कुठंच घावंना. आज पोतं उचललं. काठोकाठ भरलाय. आख्ख्या घरात पाणी ऱ्हायलं ते तेवढंच, समदं डास अंडी घालाया तिथंच गेलं. म्या म्हनलं औषध कमी पडलं आसंल, तर अजून टोपणभर वतलं. तासभर निपचित पडल्या. मग हाय तशा."

मला त्या हसण्याची आठवण झाली, पन्हाळीखालच्या.

डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तेव्हा दादा उभे राहिले. आयुष्यात कुणापुढं वाकून न बोललेला माणूस. त्यांनी बाटली पुढं केली आणि विचारलं, "बाई, ज्या डासावर औषध चालंना, त्यानं दिलेल्या तापावर तुमचं औषध कसं चालंल? लेकीच्या अंगात बी ती निबर पैदासच गेली की."

मला हे सुचलंच नव्हतं. ऐकलं आणि माझी पाचावर धारण बसली. सलाईनची नळी, गोळ्या, सुया, सगळं त्या सुपलीतल्या औषधासारखं वाटायला लागलं. तासभर निपचित, मग हाय तसं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. बाटली त्यांनी हातात घेऊन नीट बघितली. म्हणाल्या, "काका, तसं होत नाही. निबर झालाय तो डास. ताप निबर झालेला नाही, तो जसा होता तसाच आहे." दादांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "आणि खरं सांगू का? या तापाला मारणारं औषध आमच्याकडं नाहीच. पाणी द्यायचं, नजर ठेवायची, शरीर झगडतं ते झगडू द्यायचं. एवढंच असतं."

"पाणी," दादा म्हणाले.

"हो. पाणी."

ज्या माणसाकडं अळीपासून उवेपर्यंत सगळ्याला औषध होतं, तो माणूस बाकावर बसला आणि मांडीवर हात ठेवून फरशीकडं बघत राहिला. मला त्यांच्याकडं बघवेना. थोड्या वेळानं ते उठले, बाटली कुठंतरी ओतून आले, आणि दुसऱ्या स्वच्छ बाटलीतून मला घोट घोट पाणी पाजायला बसले. माझा बाप मला पाणी पाजतोय हे मी कळत्या वयात पहिल्यांदा बघत होते. ते जाईपर्यंत मला नको म्हणायचा धीर झाला नाही.

पुढं ताप उतरला. आईनं नवस बोललेला होता, ती पेढे आणायला निघाली, तर नर्सबाईनं तिला अडवलं. म्हणाली, मावशी, ताप गेल्यावरच खरे धोक्याचे दिवस असतात. घ्या. आगीतून फुफाट्यात. त्या दिवसांत मी पोटावर हात ठेवून पडून राहायचे आणि बाळाला शिव्या द्यायचे. खरंच द्यायचे. हल की मेल्या, लाथ मार, एरवी झोपू देत नव्हतास. अशीच एकदा शिव्या देत होते, आणि त्यानं बरगडीत अशी लाथ हाणली की माझा श्वास अडकला. मी मोठ्यानं रडले. शेजारच्या खाटेवरची बाई घाबरून उठून बसली. तिला वाटलं गेलं माझं.

पेशी चढल्या. घरी आले. पन्हाळीखाली ड्रम पालथा होता आणि त्याच्या बुडावर दादांनी दगड ठेवला होता, जसा काही तो उठून पळणार होता. त्यांनी गल्लीत घरोघर जाऊन सांगून बघितलं, पोती उचलून दाखवलं. काहींनी ओतलं. बरेच जण हसले. औषधाच्या ड्रमात डास होत्यात व्हय, काय बी बोलता. आमच्या भिंतीला लागून शेजारच्या काकांचा ड्रम, काठोकाठ. काका म्हणाले, "पाणी वतायला माझं डोस्कं फिरलंय का?" दादा त्यांच्याशी असे भांडले की पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार तुटायची वेळ आली. ड्रम तिथंच राहिला.

मुलगी झाली. धाराशिवलाच, दिवस भरून, रडत, अंगानं चांगली. मी तिला मेल्या मेल्या म्हणत होते ते चुकलंच म्हणायचं, मेली म्हणायला हवं होतं. तिला घरी आणली ती जाळीतच. छत्रीसारखी मिटणारी छोटी जाळी मी आधीच मागवून ठेवलेली. पाजायला घेतलं तेवढंच ती जाळीबाहेर, आणि तेव्हाही मी एका हातानं पदर हलवत असायचे. आई कुरकुरायची, लेकराला वारं तरी लागू दे. मी म्हटलं, वाऱ्याबरोबर काय येतं ते बघितलंस ना?

पाचवीला आईनं सगळं रीतीनं केलं. पाटा पुजला, दिवा लावला, पाट्यावर कोरा कागद आणि पेन ठेवलं. त्या रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं पुढलं सगळं लिहून जाते, असं आमच्याकडं मानतात. आई म्हणाली, तू झोप, मी जागते दिव्यापाशी. कितीतरी दिवसांत मला अशी झोप लागली नव्हती.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. दिवा अजून तेवत होता आणि आई भिंतीला टेकून डुलकीत होती. मी कुशीवर वळले. बाळाच्या जाळीची डोक्याकडची कड वर उचललेली होती आणि ती खाली पडू नये म्हणून खाली वरवंटा लावलेला होता. धक्का लागून असं होत नाही. हे कुणीतरी बेतानं केलेलं होतं.

मी बाळावर वाकले. कपाळाच्या मधोमध लाल गांधी उठली होती, मसुराच्या डाळीएवढी.

"आई," मी म्हटलं. ती दचकून जागी झाली. "ही जाळी कुणी उचलली?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग जाळीकडं. म्हणाली, "अगं, मग ती लिहिणार कशी? जाळीतून?"

मी बाळाच्या डोक्याखाली हात घालून तिचं कपाळ आईकडं केलं. आई पुढं सरकली, वाकली, आणि तिच्या तोंडातून बारीक आवाज आला. तिनं काजळाची डबी उघडली आणि बोटानं त्या गांधीवरच तीट लावली. लावली आणि रडायला लागली.

दादा दारात आले. त्यांनी जाळी बघितली, वरवंटा बघितला, तीट बघितली. पायात चप्पल न घालता बाहेर गेले, आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडून ड्रम आडवा पडल्याचा आवाज आला, भळभळ पाणी गेल्याचा आला, मग काकांचा आरडाओरडा. दादांचा आवाज एकदाही आला नाही.

बाळ शांत झोपलं होतं. ताप यायचा असेल तर तो लगेच येत नाही, मला आता ठाऊक होतं, काही दिवस वाट बघावी लागते. मी तिच्या कपाळाला हाताची पाठ लावून बघितली. गार होतं. काजळ माझ्या हाताला लागलं. मी पदराला हात पुसला आणि परत लावून बघितला.